वाटणीत राहून गेलेली ट्रॉली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक आणि त्यांचे थोरले भाऊ यांची शेती चार वर्षांपूर्वी वेगळी झाली. दोघांचे ट्रॅक्टर वेगळे, चारचाकी ट्रॉली मात्र एकच आणि सामाईक. ती १४ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात पत्रलेखक भरलेली ट्रॉली घेऊन जात असताना मागचं डावं चाक हबसकट, म्हणजे मधल्या गाभ्यासकट, निखळलं आणि रस्ता सोडून बांधापलीकडे जाऊन पडलं. कोणाला इजा झाली नाही. दादांचं म्हणणं, 'तू बेताबाहेर माल भरलास, खर्च तूच दे.' पत्रलेखकांचं म्हणणं, ट्रॉली म्हातारी झाली आहे, चाक अचानक गेलं, ड्रायव्हर दर महिन्याला ग्रीस मारतो, मग माझा दोष काय? ओघात ते आणखीही काही सांगतात. पंधरा दिवस आधीपासून वळणावर मागून किरकिर ऐकू यायची. त्या चाकाच्या डिस्कवर आतल्या बाजूने काळपट थर होता, तो चिखल वाटला. आणि अख्खा पावसाळा ट्रॉली उघड्यावर, एक टायर बसलेला असताना, तशीच उभी होती. त्यांचे प्रश्न: ट्रॉली विकून नवी घ्यावी की हीच दुरुस्त करावी? खर्च कोणी द्यावा? आणि दादांशी बोलायचं कसं? 'महिनाभर आम्ही कामापुरतंच बोलतो,' असं ते लिहितात.

नमस्कार,

चाक पडलं तिथे त्या वेळी कोणी नव्हतं, ही या सगळ्यातली सर्वात मोठी गोष्ट. निखळलेलं चाक ट्रॉलीबरोबर थांबत नाही. ते तिच्याच वेगाने पुढे पळत राहतं, आणि त्याला ना ब्रेक ना स्टिअरिंग. वाटेत कोणी असतं तर आज तुम्ही दोघं भाऊ खर्चाबद्दल नाही, भलत्याच गोष्टीबद्दल बोलत असता. म्हणून खर्चाकडे जरा उशिराने येते.

तुमच्या मूळ पत्रात 'अचानक' हा शब्द तीनदा आलाय. मला तो खटकला, कारण त्याच पत्रात तुम्ही पंधरा दिवसांची किरकिर लिहिली आहे, डिस्कवरचा काळा थर लिहिला आहे आणि पावसाळाभर भिजत उभी राहिलेली ट्रॉलीही लिहिली आहे. चाकाने सांगायचं ते सांगून झालं होतं. तुम्हाला बोल लावत नाही. ट्रॅक्टरच्या आवाजात मागची किरकिर तुमच्या कानावर पडली हेच विशेष. ट्रॅक्टरचं काही बिनसलं तर ते चालवणाऱ्याच्या हातापायांना कळतं: स्टिअरिंग जड होतं, क्लच घसरतो, धूर बदलतो. ट्रॉलीकडे मात्र आपली कायम पाठ. तिचं दुखणं आपण मुद्दाम वळून विचारलं तरच कळतं.

त्या हबच्या आत काय झालं असावं ते सांगते. वस्तू समोर नसताना निदान करू नये हे खरं, पण तुमच्या तिन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

चाकाच्या हबमध्ये बहुतेक ट्रॉल्यांना दोन टेपर बेअरिंग असतात. आतल्या अंगाला मोठं, बाहेरच्या अंगाला लहान. आतल्या तोंडाला रबराचं ऑइल सील, बाहेरच्या तोंडाला टोपी. सील कडक पडलं की पाणी आत जातं, आणि त्यासाठी पूर यावा लागत नाही. भरल्या फेरीनंतर हब गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तसाच तो ओढ्यात घातला किंवा त्यावर प्रेशरने पाणी मारलं, तर आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधट पांढरं होतं. ट्रॉली उभी असली की ते पाणी रोलरखाली एकाच जागी मुरतं आणि तिथे गंजाचे टिपके पडतात. पुढे ट्रॉली चालू लागली की रोलर त्या खडबडीत जागेवरून खरडत जातात. ती तुमची किरकिर. घासून हब तापतो, तापल्यावर ग्रीस पातळ होतं, सीलमधून बाहेर पडतं, डिस्कच्या आतल्या बाजूला उडतं आणि त्यावर धूळ बसते. तो तुमचा चिखल. वाळलेला चिखल बोटाने चोळला की भुकटी होते, ग्रीस चोळलं की बोट काळं होऊन चिकटतं. ओळखायला एवढं पुरतं.

त्यानंतर आत सगळं कोरडं. रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटतो, रोलर एकमेकांवर चढतात, बेअरिंग जाम होतं. बेअरिंगची आतली कडी स्टबवर, म्हणजे अॅक्सलच्या टोकावर, स्थिर बसायला हवी, ती चाकाबरोबर फिरू लागते, स्टब खाते, पुढचा नट आणि त्यातली, नट सुटू न देणारी स्प्लिट पिन खाते. मग हबला धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

किरकिर वळणावरच का ऐकू यायची, हेही सांगून टाकते, कारण इतरांना उपयोग होईल. वळताना भार बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातो आणि चाकाला आडवा रेटाही बसतो. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर आधी डावी चाकं तपासा, डावीकडे वळताना वाढला तर उजवी. टेपर बेअरिंगचे रोलर तिरके असतात ते या आडव्या रेट्यासाठीच. अमेरिकेत घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये या बेअरिंगचं पेटंट घेतलं. म्हणजे ही वस्तू जन्माला आली तीच इंजिन नसलेल्या गाडीसाठी. 'ट्रॉलीला इंजिन नाही, तिला कसली आलीय देखभाल?' असं कोणी म्हटलं की मला हे आठवतं.

आता ड्रायव्हर. तो दर महिन्याला ग्रीस मारतो हे खरंच असणार, त्याच्यावर संशय घेऊ नका. पण ग्रीसगन लागते ती निपलला, म्हणजे ग्रीस आत ढकलायच्या बारीक तोंडाला. निपल असतात पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पिनांना, पाटे टांगणाऱ्या शॅकलला, पुढची चाकं वळवणाऱ्या टर्नटेबलला. चाकाच्या हबला बहुतेक ट्रॉल्यांमध्ये निपल नसतोच. तिथलं ग्रीस चाक काढून, हब उघडून, हातानेच भरावं लागतं. तुमच्या घरात 'ग्रीसिंग झालं' म्हणजे सगळं झालं असं दोघांनीही धरलं, आणि ज्या चार जागा सर्वात महत्त्वाच्या तिथे चौदा वर्षांत किती वेळा हात गेला हे पत्रावरून कळत नाही. (काही हबला निपल असतो. तिथेही डोळे झाकून पंप मारत राहू नका. जुनं घाण ग्रीस आतच राहतं आणि दाबाने सील उलटतं.)

दादांच्या म्हणण्यावर तुम्ही चिडलात, पण ते सोडून देण्यासारखं नाही. जास्त मालाने गंज चढत नाही. चढलेल्या गंजाचं काम मात्र माल फार लवकर उरकतो. रोलर बेअरिंगचं गणित निष्ठुर असतं: भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, जेमतेम दहावा भाग उरतो. नुसता सव्वापट भार टाकला तरी आयुष्य निम्म्यावर येतं. तेव्हा दादा बरोबर आहेत. फक्त त्यांनी एकाच फेरीकडे बोट दाखवलंय, आणि बेअरिंगला शेवटची फेरी तेवढी वेगळी मोजता येत नाही. चौदा वर्षांतली प्रत्येक फेरी त्यात जमा झाली आहे, तुमची, दादांची आणि वाटणीच्या आधीची, एकत्र असतानाचीसुद्धा. त्या दिवशी तुम्ही खरंच जास्त भरलं होतं का? हे तुम्ही पत्रात कुठेच नाकारलेलं नाही. मला उत्तर नको, पण दादांसमोर जाताना ते तुमच्याकडे तयार असू द्या.

विकायची की ठेवायची?

'ट्रॉली म्हातारी झाली' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. ट्रॉलीचे काही भाग म्हातारे होतात, काही होत नाहीत. बेअरिंग, सील, टायर, पिना, बुश, वायरिंग ही झिजण्यासाठीच असतात, ती बदलायची. ट्रॉलीचं खरं वय चेसिसमध्ये असतं. ती रिकामी करून, धुऊन, वाळवून उन्हात उभी करा आणि खाली वाकून तीन जागा नीट बघा. लांब चॅनल जिथे पाट्याच्या हँगरला मिळतात तो जोड. ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीचा मुळाशी असलेला जोड, म्हणजे पुढच्या डोळ्यापासून (पिनच्या भोकापासून) मागे जिथे वेल्डिंग संपतं ती जागा. आणि दोन्ही अॅक्सल. रंगावर गंजाची केसासारखी बारीक रेघ दिसली तर तिथे रंग उडालेला नाही, लोखंड तडकलं आहे. तारेच्या ब्रशने घासा, रॉकेलचा हात फिरवून पुसा, वर खडूची पूड टाका. तड असेल तर रॉकेल आतून झिरपून खडूवर ओळ उमटते.

मुख्य चॅनल तडकलेले असतील, किंवा आधी दोन-तीनदा पट्ट्या मारून जोडलेले असतील, तर ती ट्रॉली मालवाहतुकीतून काढायची वेळ झाली. विकताना घेणाऱ्याला ते दाखवूनच विका. चेसिस शाबूत असेल तर नवी घेऊन काय साधेल? नवी ट्रॉलीही सामाईकच असणार, तीही पावसात उभी राहणार, तिच्या हबलाही निपल नसणार. पाच वर्षांनी पुन्हा मला पत्र लिहाल, फक्त ट्रॉलीचा रंग वेगळा असेल.

मात्र एक अट. जे चाक निखळलं त्याचा स्टब बघितल्याशिवाय दुरुस्तीचा निर्णय करू नका. बेअरिंगची आतली कडी त्यावर फिरली असेल तर तो झिजलेला असेल, तापून निळसर-करडा पडला असेल. अशा स्टबवर नवं बेअरिंग बसवणं म्हणजे पैसे ओढ्यात टाकणं. कडी सैल बसते, पुन्हा फिरते आणि काही महिन्यांत तोच खेळ. 'पंच मारून घट्ट करतो' किंवा 'वेल्डिंगचा थर चढवतो' असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. स्टब किंवा अख्खा अॅक्सल बदला.

आणि वेल्डिंग करून घेणारच असाल तर दोन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. वेल्डिंगची अर्थिंगची चिमटी जोडाच्या अगदी जवळ लावायची. ती चाकाच्या पलीकडे कुठेतरी लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि नव्याकोऱ्या रोलरवरही ठिणगीचे खड्डे पाडतो. दुसरी गोष्ट जिवाची आहे. हवा भरलेला टायर डिस्कवर असताना त्या डिस्कला गॅस किंवा वेल्डिंग लावू देऊ नका. टायरच्या आत रबर तापून वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा काढली तरी भागत नाही, टायर उतरवायचाच.

बाकीची तीन चाकं

तुम्ही डावं मागचं चाक दुरुस्त करून कामाला लागायच्या तयारीत आहात असं पत्रावरून दिसतं. थांबा. चारही चाकं त्याच पाण्यात उभी होती. तीही उघडा.

ट्रॉली रिकामी, सपाट आणि टणक जमिनीवर, ट्रॅक्टरला जोडलेली, ट्रॅक्टरचा हातब्रेक ओढलेला. जे चाक उचलायचं ते सोडून बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक अॅक्सलखाली लावायचा आणि चाक उचललं की लगेच अॅक्सलखाली स्टँड किंवा जाड लाकडाचे ठोकळे द्यायचे. विटा नकोत, त्या न सांगता चुरतात. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॉलीखाली हातही घालू नका. हायड्रॉलिक जॅकची डंपिंग ट्रॉली असेल तर उचललेल्या साट्याखाली टेकू दिल्याशिवाय जायचं नाही, 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणूनसुद्धा नाही. पाइपातून तेल गळतंय का हे बघायला तिथे बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडी फोडून आत जाते.

चाक उघडण्याआधी ते हाताने फिरवा आणि कान द्या. मग वर आणि खाली धरून हलवून पाहा. खडखड हललं तर खेळ जास्त आहे. आता टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर काढा, हब ओढा. बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा आणि कापडाने कोरडी करा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायची पोरांना भारी हौस असते. करू देऊ नका, रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो. धुतलेला रोलर एकसारखा राखाडी आणि गुळगुळीत असेल तर ठीक. निळा-तपकिरी रंग म्हणजे तापलेलं, खड्डे किंवा ओरखडे म्हणजे संपलेलं. बदलायचं ठरलं तर रोलरची कडी आणि हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची वाटी ही जोडी एकत्रच बदला. जुन्या वाटीत नवी कडी चालत नाही. ऑइल सील मात्र उघडलं की दर वेळी नवं.

ग्रीस भरताना वरवर लेप दिला तर काही उपयोग नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत, कडेने फिरवत चला. रोलरांच्या मधून वरच्या बाजूला ग्रीस किड्यासारखं वळवळत बाहेर आलं की तेवढा भाग भरला. असं पूर्ण गोल. हबमध्ये मात्र ठासून भरू नका. जादा ग्रीस घुसळलं जाऊन तापतं आणि सील उलटवतं. चाकाच्या बेअरिंगसाठीचं लिथियम ग्रीस घ्या आणि मग तेच वापरत राहा. निरनिराळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की काही वेळा फाटतात आणि पातळ होऊन वाहून जातात. म्हणून जुनं सगळं पुसूनच नवं भरायचं.

नट आवळायचा भाग येतो तिथे मी एकदा सपशेल चुकले आहे. वडिलांबरोबर चाकं उघडत मोठी झाले, तेव्हा मला सगळं येतं असा माझा समज होता. ते नसताना एका चाकाचं काम मी एकटीने केलं. नट पान्याला लोंबकळून आवळला. चाक तसूभर हलेना, मला अभिमान वाटला. तासाभराच्या फेरीनंतर जळका वास आला. हबवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झालं. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी ते बेअरिंग माझ्या हातात दिलं. निळं पडलेलं. टेपर बेअरिंगला थोडी मोकळीक लागते. चाक फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट पुन्हा सैल करा आणि नुसत्या बोटांनी टेकेल एवढाच फिरवा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर आवळण्याच्या नव्हे, सैल करण्याच्या बाजूने जुळवा. पिन नवी घाला. जुनी सरळ करून वापरलेली पिन किंवा तिच्या जागी खिळा, हे मी इतक्या ट्रॉल्यांवर पाहिलंय की आता चिडसुद्धा येत नाही.

चाकाचे नट समोरासमोर, आलटून-पालटून आवळायचे, आणि पहिल्या भरल्या फेरीनंतर पुन्हा तपासायचे. रस्त्यावर लांब चालणाऱ्या ट्रेलरसाठी हीच गोष्ट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर करायची.

हे सगळं वर्षातून एकदा, आणि ट्रॉली पाण्यात बुडाली असेल तर वर्षाची वाट न बघता लगेच. रोजचं काम याहून फार छोटं आहे. कुठेही थांबलात की खाली उतरून चारही हबजवळ हाताची पाठ न्या. आधी नुसती जवळ, मग टेकवा. किती गरम, यापेक्षा कोणता हब बाकीच्यांहून गरम, हे महत्त्वाचं. चारांत एकच तापला असेल तर ते बेअरिंग बिघडतंय, किंवा ट्रॉलीला ब्रेक असतील तर तो घासतोय. हे तुमच्या ड्रायव्हरने पंधरा दिवस केलं असतं तर चाक बांधापलीकडे गेलं नसतं. पण त्याला हे करायला कोणी सांगितलं होतं?

उरलेलं भराभर सांगते. बसलेल्या टायरवर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीच्या त्या टायरची बाजू आतून मोडलेली असू शकते, हवा धरली तरी तो उतरवून आतून बघा. ट्रॉलीचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त मरतात. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर बाजूच्या भेगांवर नजर ठेवा. हवा टायर थंड असतानाच मोजा. दिव्यांमध्ये विचित्र काही होत असेल, इंडिकेटर लावल्यावर टेललाइटही लुकलुकत असेल, तर दहापैकी आठ वेळा दोष अर्थिंगच्या वायरीत असतो. बल्ब बदलत बसू नका, गंजलेला जोड घासा. अर्थिंग हूकवर सोडून चालत नाही, तिची वेगळी वायर हवी. मागे लाल, कडेला पिवळं, पुढे पांढरं रेडियम, आणि फाळका धुतला की तेही पुसायचं.

हूकच्या पिनवर मात्र जरा थांबते. मूळ पिन हरवल्यावर तिच्या जागी सळईचा तुकडा घालण्याची प्रथा सामाईक ट्रॉलीत हमखास असते, कारण पिन आणणं हे 'दुसऱ्याचं' काम असतं. सळई पातळ असते, ती डोळ्याच्या भोकात आपटत राहते आणि भोक अंडाकृती होतं. मग नवी पिनही आपटतेच. योग्य मापाची पिन, तिला खालून क्लिप, आणि दांडीखालून एकमेकींना छेदून घेतलेल्या दोन साखळ्या. पिन तुटलीच तर दांडी जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. ज्यांची ट्रॉली दोनचाकी आहे त्यांनी माल अॅक्सलच्या किंचित पुढे भरावा. मागे जास्त झाला तर दांडी वर उचलते आणि ट्रॉली सापासारखी हलते. पुढे फार झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग फसवतं.

आता दादा

खर्च तुम्ही एकट्याने देऊन टाकला तर वाद मिटेल, असा एक मार्ग तुमच्या मनात आहे हे पत्राच्या शेवटच्या ओळींवरून जाणवलं. मी तो घेणार नाही. पैशांमुळे नाही. त्याने 'ज्याच्या हातात मोडलं त्याने भरायचं' असा नियम घरात बसेल. असा नियम बसला की किरकिर ऐकू आली तरी माणूस बोलत नाही, फेरी संपवून ट्रॉली गुपचूप दुसऱ्याच्या दारात उभी करतो. दादाही करतील, तुम्हीही कराल.

फेऱ्या मोजून खर्च वाटणं न्यायाचं आहे, पण त्यासाठी वही लागते आणि चार वर्षांची वही तुमच्याकडे नाही. तेव्हा मागचं निम्मंनिम्मं करा. त्या दिवशी माल जास्त भरला असेल तर तेवढं आधी स्वतःहून कबूल करा, दादांना ते काढून घ्यावं लागू नये. पुढच्यासाठी एका वेळी एकच कारभारी ठेवा, एक वर्ष तुम्ही, एक वर्ष दादा. खर्च दोघांचा, पण हब उघडून घेणं, पिना आणणं, पावसाळ्यात ट्रॉली आडोशाला, ठोकळ्यांवर उभी करणं हे त्याचं काम. आणि त्याला एक अधिकार द्या: 'आज ट्रॉली निघणार नाही' असं त्याने म्हटलं तर दुसऱ्याने वाद घालायचा नाही. एवढं नसेल तर कारभारीपण नुसतं ओझं होतं. हब कधी उघडले ते कागदावर लिहाल तर कागद हरवेल, म्हणून चेसिसच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने महिना-वर्ष लिहा, चारही चाकांपाशी.

हे सगळं दादांच्या घरी हिशेबाला बसून बोलू नका. हिशेबाला बसलेली दोन माणसं फक्त हिशेबच बोलतात. बाकीची तीन चाकं उघडायची आहेतच, आणि हबसकट चाक ओढणं, स्टँड सरकवणं हे एकट्याने करणं खरोखर धोक्याचं आहे. तेव्हा निरोप न पाठवता स्वतः जा आणि एवढंच विचारा, 'दादा, उरलेली चाकं खोलतोय, जॅकपाशी दुसरा माणूस लागेल, येतोस का?' निखळलेल्या चाकाचं बेअरिंग अजून टाकलं नसेल तर ते फडक्यात बांधून ठेवा. पहिलं चाक उघडून धुऊन झालं की दोन्ही शेजारी ठेवा, आणि बोलायला आधी दादांना द्या.